गॅरेज स्वतः नीट करायचंय: आधी ओल, आधी कोबा की आधी मांडणी?

अडगळ_गॅरेज

गॅरेज आतून ५.५ मीटर लांब, ३ मीटर रुंद, उंची २.६ मीटर. पुढे रोलिंग शटर. ठेवायच्या वस्तू म्हणजे गाडी (४ मीटर × १.७५ मीटर), दोन सायकली, ॲल्युमिनियमची शिडी, रंगाचे अर्धेमुर्धे डबे आणि हत्यारं.

खाली जुना सिमेंटचा कोबा आहे. झाडावं तेव्हा पांढरट भुकटी निघतेच. मधून कोपऱ्याकडे केसाएवढी भेग गेलीय, इंजिनाखाली तेलाचा काळा डाग आहे. मागच्या भिंतीला खालून हातभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे आणि लोणा (भिंतीवर फुलणारे पांढरे क्षार). जोराचा पाऊस आला की शटरखालून पाणी आत येतं. ड्रायव्हरच्या बाजूची भिंत पोकळ ब्लॉकची, बाकी दोन विटांच्या. उजेडाला मध्यभागी एक बल्ब आणि शटरजवळ एकच सॉकेट.

विचार असा आहे: जमिनीला एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा कडक थर), भिंतींना फळ्या, चार ट्यूब. वायरिंग सोडून सगळं स्वतः करायचंय. क्रम काय ठेवू? एपॉक्सी हाताने जमेल का? आणि पोकळ ब्लॉकच्या भिंतीवर रंगाचे डबे पेलणाऱ्या फळ्या टिकतील का?

पाणसळ

तुमच्या वर्णनात खरा प्रश्न एकच आहे, पाणी. भुकटी, लोणा, पोपडे ही सगळी त्याचीच पिलावळ. त्यामुळे एपॉक्सीचा डबा आणायच्या आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

वाटा दोन. शटरखालून येणारं पाणी उघड दिसतं. गॅरेजच्या आतल्या जमिनीला शटरकडे उतार हवा, मीटरमागे किमान १ सेंटिमीटर. कोब्यावर बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे पळतं ते बघा. बाहेरची फरसबंदी आतल्यापेक्षा उंच असेल किंवा आतल्या बाजूला कलली असेल, तर उंबऱ्याला कितीही रबर लावा, पाणी वाट काढणारच. तिथे शटरबाहेर आडवी जाळीची गटार हाच उपाय. उतार बरोबर असेल आणि पाणी फक्त वाऱ्याच्या झोताने येत असेल, तर जमिनीला चिकटवायची रबरी उंबरपट्टी पुरते. शटर बंद असताना ती तळपट्टीला सलग टेकून बसली पाहिजे. 

दुसरी वाट मागच्या भिंतीची. बाहेर जाऊन बघा: गच्चीच्या पाण्याचा पाइप भिंतीच्या पायथ्याशीच सुटतोय का? मातीचा भराव किंवा फुलझाडांचा वाफा आतल्या कोब्यापेक्षा वर चढलाय का? बहुतेक वेळा दोन्हीपैकी एक सापडतंच. माती आतल्या पातळीच्या किमान १५ सेंटिमीटर खाली न्या, पाइपला कोपर जोडून पाणी भिंतीपासून दूर सोडा. मग भिंत वाळू द्या. ओलाव्याने भिजलेली वीट वाळायला आठवडे नाही, महिने लागतात.

लोणा पाण्याने धुऊ नका. तो क्षारच आहे, पाण्यात विरघळून परत आत जातो आणि महिन्याभराने पुन्हा फुलतो. कोरड्या तारेच्या ब्रशने खरवडा, सुपलीत भरून बाहेर टाका. सुटलेला गिलावा वाजवून पाहा, भद्द आवाज येईल तेवढा काढून टाका. वर तेलरंग किंवा 'वॉटरप्रूफ' रंग आतून चोपडू नका. ओल आतच कोंडते आणि आणखी वर चढते. श्वास घेणारा चुन्याचा किंवा सिलिकेट रंग चालेल, तोही भिंत वाळल्यावर.

आता कोब्याची परीक्षा. जाड पारदर्शक प्लास्टिकचे ४५ × ४५ सेंटिमीटरचे तुकडे चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. एक मागच्या भिंतीजवळ, एक मध्ये, एक शटरजवळ. किमान १६ तास, खरं तर पूर्ण दिवस ठेवा. उचलल्यावर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा खालचा कोबा आजूबाजूपेक्षा गडद झाला असेल, तर जमिनीतून वाफ वर येतेय. त्यावर साधी एपॉक्सी टिकत नाही, फोड येतात. कोरडं निघालं तरी ती त्या दिवसापुरती खात्री. ओल्या दिवसांत पुन्हा एकदा करा.

रंधा_आणि_करवत

पाणी बंद होईपर्यंत कागदावर आखणी करून ठेवा. तुमची मापं टाकून बघू.

रुंदी ३ मीटर, गाडी १.७५. उरले १.२५. गाडी दुसऱ्या बाजूच्या भिंतीपासून २५ सेंटिमीटरवर लावा. आरसा जेमतेम सुटतो, त्या बाजूच्या माणसाने बाहेरच उतरायचं. ड्रायव्हरच्या बाजूला १ मीटर मिळतो. दार उघडून बाहेर पडायला ६५ सेंटिमीटर धरले तर ३५ उरतात. म्हणजे त्या भिंतीला ३० सेंटिमीटरपेक्षा खोल काहीही नको. ४५ चं रॅक घ्याल आणि रोज दाराची कड आपटत बसाल.

लांबीत १.५ मीटर शिल्लक. शटर आणि गाडी यांत ३०, पुढे राहतात १.२ मीटर. त्यात ५० सेंटिमीटर खोल कामाचं टेबल आणि उभं राहायला ७०. छान बसतं, पण गाडी दर वेळी त्याच जागी थांबली पाहिजे. चाकाला जमिनीवर अडसर लावा किंवा छताला दोरीने चेंडू टांगा, काचेला टेकला की थांबायचं. कागदावर पटलं तरी एकदा जमिनीवर खडूने आखा, गाडी आत घ्या, सगळी दारं आणि डिकी उघडून बघा. डिकीचं झाकण वर छताला किती जवळ जातं हे लोक हमखास विसरतात आणि नेमका तिथेच माळा ठोकतात.

पोकळ ब्लॉकचं सांगतो. भार भिंतीवर टाकूच नका. रंगाचा २० लिटरचा भरलेला डबा २५ ते ३० किलो असतो, असे चार म्हणजे १०० किलोच्या वर. ब्लॉकचं कवच अडीच-तीन सेंटिमीटर, त्यात प्लग फिरतो आणि भोक मोठं होत जातं. स्लॉटेड अँगलचं ३० सेंटिमीटर खोल रॅक जमिनीवर उभं करा, वजन पायांतून कोब्यात जाईल. भिंतीशी फक्त वरच्या दोन कोपऱ्यांत बांधा, पुढे कलंडू नये म्हणून. एवढ्या कामाला पोकळीत उघडणारा अँकर भरपूर झाला. पायांना प्लास्टिकचे बूट घाला आणि सर्वांत खालची फळी जमिनीपासून १० सेंटिमीटर वर घ्या. झाडू जातो, आणि पाणी आलंच तर डब्यांचे बूड गंजत नाहीत. जड डबे खाली, हलकं वर.

विटांच्या भिंतीवर मात्र टांगता येतं. ८ मिलिमीटरचा नायलॉन प्लग वापरा, पण लक्षात ठेवा की गिलाव्याच्या १५ मिलिमीटरांना काही ताकद नसते. प्लग विटेच्या आत किमान ४० मिलिमीटर गेला पाहिजे. भोक ६५ मिलिमीटर खोल पाडा, धूळ फुंकणीने काढा, प्लग विटेपर्यंत आत ढकला, मग स्क्रू. धूळ राहिली तर प्लग अर्ध्यातच अडकतो आणि सगळी पकड भुसभुशीत गिलाव्यात राहते. ड्रिलच्या टोकावर लाल भुकटी आली तर वीट, करडी आली तर सांधा. सांध्यात पकड कमी, चार सेंटिमीटर सरकून पुन्हा पाडा.

ब्रॅकेट खाली घसरून पडत नाही, वरून उपटतो. ४० सेंटिमीटर खोल फळीवर ४० किलो सारखे पसरले तर भार भिंतीपासून सरासरी २० सेंटिमीटरवर. ब्रॅकेटची उभी भुजा ३० सेंटिमीटर असेल तर वरच्या स्क्रूंवर ओढ ४० × २० ÷ ३० म्हणजे साधारण २७ किलो. उभी भुजा १५ चीच घेतली तर हीच ओढ ५३ किलो. म्हणून उंच भुजेचे ब्रॅकेट घ्या. फळी १८ मिलिमीटर प्लायची, आधारातलं अंतर ६० सेंटिमीटर. अंतर ६० चं ९० केलं तर तितक्याच दाटीने ठेवलेल्या सामानाखाली झोळ पाचपट येतो. पुढच्या कडेला ४० मिलिमीटर उंचीची लाकडी पट्टी उभी ठोकली की फळी खूपच ताठ होते आणि डबेही घसरत नाहीत.

गुळगुळीत_कोबा

पाणसळ यांच्याशी सहमत, फक्त एपॉक्सीबद्दल थोडं अधिक. एपॉक्सी निघते ती बहुतेक तयारी कमी पडल्यामुळे, एपॉक्सी वाईट असते म्हणून नाही. लोक झाडून, पुसून थेट रोलर फिरवतात. चार-सहा महिन्यांनी गरम टायर उभा राहतो तिथे थर चिकटून उचलला जातो, खाली भुकटी तशीच.

कोबा घासावाच लागतो. १२५ मिलिमीटरच्या ग्राइंडरला डायमंड कप व्हील (हिऱ्याच्या कणांची वाटीसारखी चकती), त्यावर धूळ धरणारं आवरण आणि व्हॅक्यूम. घासल्यावर हाताला १२० नंबरच्या पॉलिश पेपरसारखं लागलं पाहिजे. कोरडं आणि उघडं घासू नका. कोब्याच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात कायमची बसते. किमान एन-९५ मास्क, डोळ्यांना गॉगल.

आधी तेलाचा डाग. लाकडाचा भुसा किंवा कोरडी सिमेंट पसरून विटेने रगडा, रात्रभर ठेवा, झाडा. मग अल्कलाइन डीग्रीझर (तेल सोडवणारं द्रव) आणि गरम पाणी, ताठ ब्रशने दोन-तीन वेळा. वाळल्यावर पाण्याचे थेंब टाका. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तेल अजून आहे. पसरून शोषला गेला तर झालं. डाग घासण्याआधीच काढा, नाहीतर कप व्हील तेच तेल सगळीकडे फिरवतं.

भेग: तिच्यावर पेन्सिलने दोन आडव्या खुणा करून मधलं अंतर लिहून ठेवा. दोन-तीन महिन्यांत बदल नसेल तर भेग झोपलेली. ६ मिलिमीटर रुंद, तेवढीच खोल खाच पाडून, व्हॅक्यूम करून एपॉक्सी फिलरने भरा. अंतर बदलत असेल तर कडक फिलर शेजारी नवी भेग पाडतो, तिथे लवचीक पॉलियुरेथेन.

एपॉक्सी किती? मजला १६.५ चौरस मीटर. विद्रावक नसलेली एपॉक्सी २५० मायक्रॉन जाडीने लावली तर १ लिटरमध्ये ४ चौरस मीटर होतात. म्हणजे एका हाताला ४.१ लिटर, रोलर आणि बादलीत राहणारी धरून साडेचार. दोन्ही भाग डब्यावरच्या प्रमाणात, मंद ड्रिलवर पॅडल लावून ३ मिनिटं, कडा आणि तळ खरवडत. मग दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा १ मिनिट. पहिल्या बादलीच्या कडेला न मिसळलेलं उरतं, तेच जमिनीवर आलं की चिकट राहणारे ठिपके पडतात. म्हणून बादली उपडी घालून निथळू देऊ नका. मिसळल्यावर लगेच सगळं जमिनीवर पट्ट्यांत ओता. बादलीत ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापून २०-३० मिनिटांत दगड होतं.

वेळ दुपार टळल्यावरची. सकाळी कोबा तापत जातो, आतली हवा फुगून वर येते आणि थराला टाचणीएवढी भोकं पडतात. थंड होत असताना हवा आत ओढली जाते. मागच्या भिंतीपासून सुरुवात, शटरकडे बाहेर. शेवटच्या हातात बारीक क्वार्ट्झ वाळू, नाहीतर ओल्या चाकांनी काच होते. २४ तासांनी पाऊल, ७ दिवसांनी गाडी.

ॲसिडने कोबा खरखरीत करायचा सल्ला मिळेल. टाळा. पाणी कोब्यात मुरतं, क्षार मागे राहतात, आणि उरलेली बाटली गॅरेजमध्ये ठेवली तर झाकण लावूनही वाफेने सगळे पाने-पकडी गंजतात.

अडगळ_गॅरेज

प्लास्टिक २४ तास ठेवलं. मागच्या भिंतीजवळ थेंब आणि मोठा गडद चौकोन. मध्ये थेंब नाहीत, पण रंग थोडा गडद. शटरजवळ कोरडं. बाहेर वाफ्याची माती आतल्या कोब्यापेक्षा दोन विटांच्या थरांनी वर निघाली. माती काढल्यावर पुन्हा परीक्षा घेईन. तोवर पुढच्या अर्ध्या भागात एपॉक्सी लावून घेतली तर चालेल का?

गुळगुळीत_कोबा

नको. ओल एका रेषेवर थांबत नाही. मागची वाफ आडवी सरकून एपॉक्सीच्या कडेखाली शिरेल आणि कडा तिथूनच उचलेल. माती काढून ओल गेली तर छान. पण मध्येही रंग बदललाय, म्हणजे कोब्याखाली प्लास्टिकचा थर मुळातच घातलेला नसण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर ओल कधीच पूर्ण थांबणार नाही.

अशा कोब्याला सिलिकेट डेन्सिफायर लावा. तो थर नसतो. आत मुरून सिमेंटमधल्या चुन्याशी जुळतो आणि वरचा भुसभुशीत भाग कडक करतो, वाफेला वाट तशीच राहते. सोलून निघायला वर काही नाहीच. फवारणी पंपाने मारा, २०-३० मिनिटं पृष्ठभाग ओला राहील असं बघा, सुकायला लागला तिथे पुन्हा मारा. शेवटी जास्तीचं द्रव रबरी वायपरने ओढून टाका आणि पाण्याने धुवा. साचून वाळलं की पांढरी काचेसारखी खपली होते, ती घासूनच काढावी लागते. खरखरीत कोबा जास्त पितो, म्हणून आधी एक मीटर चौकोनावर मारून किती लागतं ते मोजा. भुकटी थांबेल. चकाकी येणार नाही आणि तेलाचे डागही अडणार नाहीत, इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे ठेवा.

पाणसळ

दोन विटांचा थर म्हणजे २० सेंटिमीटरच्या आसपास. मग भिंतीचा लोणा हातभर चढला यात नवल नाही. माती काढल्यावर बाहेरचा गिलावा फुटलाय का तेही बघा, मातीखाली तो पोकळ झालेला असतो. मोकळी झालेली भिंत लगेच रंगवू नका, उघडी ठेवा.

आणि हो, ओल असेतो पुठ्ठ्याचे खोके त्या भिंतीला टेकवू नका. वाळवीला यापेक्षा चांगलं आमंत्रण नाही.

रंधा_आणि_करवत

मागच्या भिंतीवर प्लायचा सलग फळा ठोकायचा विचार असेल तर सोडून द्या, मागे बुरशी धरेल. फ्रेंच क्लीट करा. १८ मिलिमीटर प्लायची १६ सेंटिमीटर रुंद पट्टी लांबीत मधोमध ४५ अंशांत चिरा, दोन पट्ट्या मिळतात. एक भिंतीवर, उतरती कड वर आणि भिंतीकडे झुकलेली, दर ४० सेंटिमीटरला स्क्रू. दुसरी हत्यारांच्या खोक्याच्या पाठीला उलटी. खोका वरून अडकवला की स्वतःच्या वजनाने खाचेत घट्ट बसतो, हवा तिथे सरकतो, आणि मागे हवा खेळती राहते. पहिली पट्टी पाणसळ लावून अगदी सरळ ठोका, बाकीच्या तिच्यापासून २० सेंटिमीटरच्या ठोकळ्याने मोजत वर जा.

खालचा हातभर, म्हणजे लोणा चढलेला पट्टा, मोकळाच सोडा. टेबलाचे पायही भिंतीपासून ५ सेंटिमीटर पुढे. सायकली मागच्या चाकावर उभ्या, दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर नव्हे, तर टेबलाशेजारच्या कोपऱ्यात. हुकांत ४० सेंटिमीटर अंतर आणि एक हुक दुसऱ्यापेक्षा २० सेंटिमीटर वर, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत.

वायरमन_काका

वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घेताय हे बरं. पण त्याला काय सांगायचं ते माहीत असू द्या.

गॅरेजला मुख्य बोर्डावरून वेगळी लाइन, ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी. ती शॉकपासून वाचवते, जास्त भारापासून नाही, त्यासाठी एमसीबी वेगळे. दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, १६ ॲम्पिअरच्या सॉकेटांना २.५. कॉम्प्रेसर किंवा ग्राइंडर लावायचा असेल तर त्या सॉकेटचा एमसीबी 'सी' कर्व्हचा मागा. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट घेते, 'बी' उगाच पडत राहतो. पाइप भिंतीच्या वरून, मागच्या ओल्या भिंतीत खाच पाडून नाही. सॉकेट कामाच्या टेबलाच्या वर, जमिनीपासून निदान ४५ सेंटिमीटर उंच असलेच पाहिजेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते आणि स्विचच्या ठिणगीने पेटते. त्याच कारणाने खाली एक आणि वर एक झरोका हवा, आणि दोन्ही समोरासमोरच्या भिंतींत असतील तर उत्तम.

उजेडाचा हिशेब: १६.५ चौरस मीटरला ३०० लक्स (दर चौरस मीटरला ३०० लुमेन उजेड) म्हणजे जवळपास ५००० लुमेन. भिंती, धूळ आणि गाडीने खाल्लेला उजेड धरून ८००० घ्या. प्रत्येकी २००० लुमेनच्या चार एलईडी ट्यूब बरोबर बसतात. पण चारही मधल्या रेषेत लावू नका, सगळा उजेड गाडीच्या टपावर पडतो. एक-एक दोन्ही बाजूंना, गाडी आणि भिंत यांच्या मधल्या पट्टीवर. उरलेल्या दोन टेबलाच्या वर, टेबलाच्या पुढच्या कडेच्या रेषेत. पाठीमागे दिवा असला की जिथे स्क्रू बघायचाय तिथेच तुमच्या डोक्याची सावली.

दोन गोष्टी विचारल्या नाहीत तरी सांगतो. जवसाच्या तेलाने किंवा लाकडाच्या तेल-पॉलिशने माखलेली चिंधी चुरगळून डब्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापते आणि पेटू शकते. बाहेर सपाट पसरून वाळवा. आणि शटर जड झालं असेल तर बाजूच्या पन्हाळ्या ब्रशने साफ करून सिलिकॉन फवारा मारा, ग्रीस नको, धूळ धरून ते कानशीसारखं घासतं. वरच्या ड्रमची स्प्रिंग मात्र सोडू नका. शटर खाली असताना ती पूर्ण आवळलेली असते, सुटली तर हाड मोडते. ते काम शटरवाल्याचंच.

अडगळ_गॅरेज

सिलिकेटवर शिक्कामोर्तब. एक राहिलं: घासायचं काम डेन्सिफायरआधीही करावंच लागेल का?

गुळगुळीत_कोबा

पूर्ण नाही. तेलाचा डाग काढा, सुटी भुकटी आणि वरची भुसभुशीत साय जाईल इतका हलका हात फिरवा. जुना रंग किंवा सीलर कुठे असेल तर तेवढं मात्र मुळापर्यंत घासा, त्यातून द्रव आत जात नाही. सगळीकडे थेंबाची तीच परीक्षा. मिनिटभरात थेंब शोषला गेला की मारायला घ्या. भेग आधी भरू नका, डेन्सिफायर मारून, धुऊन, कोबा पूर्ण वाळल्यावर भरा. आणि फवारताना गाडी बाहेर, शटरची तळपट्टी प्लास्टिकने झाका. सिलिकेट काचेवर वाळलं तर निघत नाही.